नऊ इंचांवरची हवा : मांजरी गावातल्या एका खुराड्याचं प्रकरण

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. एप्रिल संपत आला होता. दुपारी सव्वातीनला काकूंचा फोन आला. "सहा गेल्या रे. अजून दोघी माना टाकून पडल्यात. ये लवकर." मी हडपसरहून मांजरी बुद्रुकला पोचेपर्यंत त्या दोघींतली एक गेली. बावीस कोंबड्यांतल्या सात, एका दुपारीत. उरलेल्या एकीला काकूंनी मोरीत ओल्या फरशीवर निजवून तिच्या पायांवर पाणी सोडलं होतं. ती वाचली.

काकूंना मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची शंका होती. पण लसी वेळच्या वेळी झाल्या होत्या. पशुवैद्यांनी संध्याकाळी दोन पक्षी उघडून पाहिले आणि रोग नाही, उष्माघात आहे असं सांगितलं. मेलेल्या सातांत चार गिरिराज जातीच्या होत्या, अंगाने सगळ्यांत भारी. दोन खुडूक होऊन खोक्यात अंड्यांवर बसलेल्या. सातवी काकूंची सगळ्यांत जुनी, ठिपक्याठिपक्यांची कवडी कोंबडी. बाकीच्या हलक्या अंगाच्या गावठी कोंबड्यांतली एकही गेली नव्हती. हा हिशेब मला नंतर फार उपयोगी पडला.

शेड आणि गोठे आखून देणं हे माझं काम. ते खुराडंही सहा वर्षांपूर्वी मीच आखून दिलं होतं. त्यामुळे कुठे चुकलं ते शोधणं माझ्याच अंगावर होतं, आणि ते मी इथे सगळं लिहितो आहे, कारण तशीच खुराडी मी आजही पुण्याच्या चारही बाजूंना बघतो.

जुनं खुराडं

घराच्या पश्चिमेच्या भिंतीला टेकून आठ बाय सहा फुटांचं. वर जस्ती पत्रा, भिंतीकडे साडेसहा फूट उंच आणि बाहेरच्या कडेला साडेपाच. उरलेल्या तिन्ही बाजूंना तीन फूट विटांची भिंत, गिलावा केलेली, आणि तिच्यावर जाळी. अंडी घालायची खोकी पश्चिमेच्या जाळीला आतून टांगलेली, म्हणजे काकूंना बाहेरून हात घालून अंडी काढता यावीत. ४८ चौरस फुटांत २२ पक्षी. गादी पद्धतीत, म्हणजे जमिनीवर तुसाचा थर पसरून कोंबड्या मोकळ्या ठेवतात तिथे, अंड्यावरच्या कोंबडीला दोन ते अडीच चौरस फूट जागा धरतात, तेवढी होती. कागदावर बोट ठेवावं असं काही नव्हतं.

तीन फुटांची भिंत मी मुद्दाम घेतली होती. मोकाट कुत्री फार, मुंगसं त्याहून जास्त, आणि पावसाची झड आत येऊ नये हाही विचार. थोडक्यात, कोंबड्यांसाठी मी एक छोटं घर बांधलं होतं. माणसाच्या घराला जे शोभतं तेच सगळं तिथे होतं.

अडीच वाजता जमिनीवर

उरलेल्या कोंबड्या काकूंनी कडुनिंबाखाली हलवल्या. दुपारी डालग्याखाली, रात्री पडवीत. मेच्या पहिल्या आठवड्यात एका दुपारी अडीचला मी रिकाम्या खुराड्यात शिरलो. आधी उभा राहिलो, मग मांडी घालून बसलो. काकू जाळीबाहेरून म्हणाल्या, "आणखी खाली हो की. कोंबडी काय तुझ्याएवढी असते होय?" मग मी तुसावर गाल टेकून आडवाच झालो.

तोवर जाणवलं नव्हतं ते तिथे जाणवलं. उभ्याने तोंडावर वारा येत होता. जमिनीलगत काहीच हलत नव्हतं. काकूंनी देवघरातून उदबत्त्या आणून दिल्या. एक मी विटेच्या फटीत नऊ इंचांवर खोचली, साधारण कोंबडीच्या पाठीच्या उंचीला. धूर दोऱ्यासारखा सरळ वर गेला, भिंतीची कड ओलांडेपर्यंत. तीन फुटांवर पोचल्यावर तो एकदम फाटला आणि घराच्या भिंतीकडे वळून तिथेच घुटमळला. म्हणजे पश्चिमेचा वारा वरच्या जाळीतून आत येत होता, पण समोर घराची भिंत, बाहेर पडायला वाट नाही. आणि खाली, जिथे कोंबड्या दिवसभर असतात, तिथे तो उतरतच नव्हता.

मग तापमान. कडुनिंबाच्या सावलीत ३९ अंश. खुराड्यात नऊ इंचांवर साडेएकेचाळीस. कोंबड्या रात्री बसतात त्या दांड्यावर, म्हणजे चार फुटांवर, ४४. खोक्यात ४५. पत्र्याच्या खालच्या अंगाला तापमापी रोखली तर ६१. त्याच रात्री आठला घराची भिंत हाताला चटका देत होती. पश्चिमेचं ऊन दुपारभर पिऊन ती आता ते कोंबड्यांच्या दांड्याकडे सोडत होती.

हे आकडे कोंबडीच्या अंगाशी लावून बघा. तिच्या अंगाचं तापमान मुळात ४१ ते ४२ अंश. तिला घाम येत नाही. तुरा, चोचीखालचे लोंबते लाल पापुद्रे आणि पाय यांतून जेवढी उष्णता बाहेर जाईल तेवढी, बाकी सगळा भार धापांवर. बाहेरची हवा अंगाहून थंड असेल तर वारा अंगातली उष्णता उचलून नेतो. हवा अंगाइतकीच तापली की वाऱ्याचाही उपयोग थांबतो, आणि वर तापलेला पत्रा असेल तर शेगडीखाली बसल्यासारखं होतं. अठरा ते पंचवीस अंशांत कोंबडी निवांत असते. तिशी ओलांडली की चोच उघडते, पस्तिशीनंतर पंख अंगापासून सुटे करून उभी राहते. धापांचा वेग मिनिटाला दीडशेच्या वर जातो. त्यात श्वासावाटे कर्बवायू इतका निघून जातो की रक्ताचा तोल बिघडतो, आणि त्याचा पहिला पुरावा अंड्यावर दिसतो. कवच पातळ होतं. काकू मार्चपासून सांगत होत्या की अंडी बोटाने दाबली तरी तडकतात. आम्ही खाद्याला दोष देत राहिलो.

भारी कोंबड्या आधी का गेल्या हेही आता उघड झालं. अंग मोठं, पिसं दाट, उष्णता बाहेर टाकायला कातडी त्या मानाने थोडी. आणि खुडूक कोंबडी तर उठतच नाही. पत्र्याच्या सर्वांत जवळ, पश्चिमेच्या उन्हात टांगलेल्या खोक्यात ती शेवटपर्यंत बसून राहिली. ते खोकं मी तिथे लावलं होतं. हे लिहितानाही मला त्रास होतो.

शेजारच्या आबांनी मोठा पंखा बसवायला सांगितलं. ४४ अंशांची हवा पंख्याने फिरवून काही होणार नव्हतं, आणि इकडे ऐन उन्हाळ्यातच वीज जाते. ज्या दुपारी पंखा लागणार त्याच दुपारी तो बंद पडण्याची शक्यता सर्वांत जास्त.

नवी आखणी

पुण्याचा उन्हाळा कडक आहे, पण त्यात एक सोय आहे. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच, आणि मार्च-एप्रिलमध्ये हवा कोरडी. दुपारी अडतीस-चाळीस असलं तरी पहाटे पारा वीस-बावीसपर्यंत उतरतो. रात्रीचा हा गारवा ज्या कोंबडीला मिळतो ती दुसऱ्या दिवसाची दुपार काढते. जुन्या खुराड्याने तो गारवाच अडवला होता. म्हणून पहिला निर्णय असा की भिंती नकोतच. पक्कं छप्पर, चारही बाजूंना जाळी, आणि घरापासून पंधरा फूट लांब.

सांगाडा सोळा बाय दहा फुटांचा, लांबी पूर्व-पश्चिम धावणारी. यामुळे सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन फक्त दहा फुटी तोंडांवर येतं. लांब बाजूंची तोंडं उत्तरेला आणि दक्षिणेला, आणि पश्चिमेकडून वायव्येकडे सरकत येणारा दुपारचा वारा अडायला मध्ये काही नाही.

छपराच्या वळचणी सगळीकडून साडेतीन फूट. वेल्डिंगवाल्या दादांना उत्तरेची वळचण वाया वाटली. "उत्तरेला कुठं ऊन येतं? पत्रा वाचवा," म्हणाले. दक्षिणेकडची वळचण मोठी आणि उत्तरेकडची आखूड, असंच मीही शिकलो आहे. पण पुणे साडेअठरा अक्षांशावर. १३ मेच्या आसपास दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, उभ्या खांबाची सावली त्याच्याच पायाशी नाहीशी होते, आणि तिथून जुलैच्या अखेरीपर्यंत तो आपल्या उत्तरेला असतो. त्या दिवसांत तो उगवतो ईशान्येकडे झुकून आणि मावळतो वायव्येकडे झुकून. म्हणजे मे महिन्यात दुपारी चारनंतरची तिरीप उत्तरेच्या बाजूनेच आत शिरते. दादांना मी अंगणात काठी रोवून सावली दाखवली, तेव्हा त्यांनी पत्रा कापायचं थांबवलं.

वळचणीपाशी उंची सात फूट, आढ्यापाशी साडेदहा. छपराचं एक पाखं, म्हणजे एक उतरती बाजू, दुसऱ्यावर फूटभर पुढे काढून मध्ये नऊ इंचांची फट ठेवली. गरम हवा वर चढते, तिला तिथून वाट. फटीलाही जाळी आहे, नाहीतर मांजर तिथूनच उतरेल.

पत्रे जुनेच वापरले, कमी पडले तेवढे नवे. पण पत्रा उघडा ठेवायचा नाही हे ठरलं होतं. वरून चुन्याचे दोन हात, त्यावर उसाच्या पाचटाचा सहा इंच थर. मांजरी-थेऊरकडे पाचट मागितलं की मिळतं. खालच्या अंगाला, पत्र्यापासून चार इंच सोडून, बांबूचे तट्टे बांधले. पत्रा तापला तरी त्याची झळ तट्ट्यावर अडते आणि मधली गरम हवा आढ्याच्या फटीतून निघून जाते. मंगलोरी कौलं याहून चांगली, पण त्यांना जड वासे लागतात. काकूंच्या खर्चात ते बसलं नाही.

आता खालचा भाग, ज्याच्यावर माझा सर्वांत जास्त वेळ गेला. तीन फुटांच्या भिंतीच्या जागी विटांचा नऊ इंचांचा कट्टा, तोही आतल्या जमिनीपासून सहाच इंच वर दिसेल असा. त्याच्यावर चार फुटांपर्यंत अर्ध्या इंचाची वेल्डमेश, म्हणजे जोड वेल्ड केलेली चौकोनी तारेची जाळी, त्यावर साधी कोंबडी जाळी. कोंबडी जाळी कोंबडीला आत ठेवते, कुत्र्याला बाहेर ठेवत नाही; कुत्रं ती दातांनी फाडतं. मुंगसासाठी वेल्डमेशचाच दीड फुटी पदर बाहेरच्या बाजूने जमिनीत सहा इंच खोल आडवा पुरला. उकरणारं जनावर भिंतीच्या मुळाशीच उकरतं आणि तिथे त्याच्या पंजाला जाळी लागते.

जमीन काळी, उन्हाळ्यात भेगाळणारी. म्हणून फूटभर मुरूम भरून चोपला आणि तीच जमीन ठेवली. काँक्रीट धुवायला सोपं, घुशींना बंद, हे मान्य. पण कोंबडीला उकाड्यात काय लागतं ते काकूंच्या कडुनिंबाखाली महिनाभर बघत होतो. ती पायांनी वरची तापलेली माती बाजूला करते, खालच्या थंड मातीत पोट टेकवते, पंख पसरते आणि डोळे मिटते. काँक्रीटवर तिला हे करता येत नाही. गादी फक्त दोन इंच, भाताच्या तुसाची; थंडीत ती वाढवतो.

दांडे सगळे एकाच उंचीला, अडीच फुटांवर, पक्ष्यामागे नऊ इंच. खोकी पूर्वेच्या बाजूला, जमिनीपासून फूटभर वर, पाठीमागे फळीऐवजी जाळी. चार-पाच कोंबड्यांना एक. पश्चिमेच्या तोंडाला मांडव करून घोसाळी आणि कारली चढवली.

पाणी

आखणीत मी पाणी धरलंच नव्हतं. गच्चीवरच्या काळ्या टाकीतून काळा पाइप भिंतीवरून, उन्हातून, खुराड्यापर्यंत आला होता. जुन्या खुराड्यातही तोच होता. दुपारी दोनला त्या पाण्यात बोट घातलं आणि पटकन बाहेर काढलं. चहा जरासा निवल्यावर लागतो तेवढं गरम. उकाड्यात कोंबडी एरवीच्या दुप्पट पाणी पिते, पण गरम पाण्याला चोच लावून मागे सरते. भांडं भरलेलं दिसतं, म्हणून आपण निर्धास्त असतो. त्या दुपारीही भांडी भरलेलीच होती.

पाइप फूटभर खोल पुरला. भांडी प्लास्टिकची जाऊन मातीच्या कुंड्या आल्या, तीन ठिकाणी, सावलीत, कारण एकच भांडं असेल तर दांडगी कोंबडी त्याच्यापाशी ठाण मांडते. काकू बारा आणि तीनला पाणी बदलतात. दाणा पहाटे साडेपाचला आणि संध्याकाळी सहानंतर. दाणा पचतानाही अंगात उष्णता तयार होते, म्हणून दहा ते पाच दाण्याची भांडी उचलून ठेवायची. मधे कलिंगडाच्या साली. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत, ज्या कोंबडीला लागेल ती खाते.

एप्रिल-मेमध्ये पश्चिमेच्या जाळीवर ओलं गोणपाट टांगतो, पण फक्त साडेबारा ते चार, आणि वारा असेल तरच. दुपारी हवेतली आर्द्रता वीस-पंचवीस टक्क्यांवर असते तेव्हा त्यातून येणारा वारा खरोखर गार लागतो. वारा पडला की तेच गोणपाट भिंत होऊन बसतं, म्हणून ते काढायचं. फवारे बसवले नाहीत. ते तूस ओलं करतात आणि ओल्या तुसातून अमोनिया आणि रक्ती हगवण येते.

त्यानंतरची दोन वर्षं

मेअखेर काम संपलं आणि चौथ्या दिवशी वळीव आला. अर्ध्या तासात अर्धं पाचट शेजारच्यांच्या अंगणात. मी ते नुसतं सुतळीने बांधलं होतं. आता वरून जुनी शेडनेट ताणून तिच्या कडांना दगड लोंबते सोडले आहेत. जूनच्या सुरुवातीला पाचट उतरवतो, नाहीतर ते पावसात कुजतं आणि त्यात घुशी घर करतात. दिवाळीच्या फटाक्यांच्या दिवसांत छपरावर पाचट नसावं हेही आहेच.

त्याच पावसाळ्यात जास्त मोठी चूक दिसली. नैर्ऋत्येची झड साडेतीन फुटांच्या वळचणीलाही जुमानेना. दक्षिणेकडची चार फूट गादी भिजली, तुसाला डोळे चुरचुरतील असा वास येऊ लागला आणि नव्या पिलांत रक्ती हगवण लागली. औषधाने बरी झाली, तरी तीन पिलं गेली. आम्ही घाईने ताडपत्री वरून खाली सोडली आणि कोंदट हवा आत कोंडली. ती उलटी लावायला हवी होती. आता ताडपत्री खालच्या कट्ट्याला पक्की आहे आणि दोरीने खालून वर चढते. साडेचार फूट झाकलं जातं, वरचा भाग कायम उघडा. झड अडते, वाफ आणि वास निघून जातो. डिसेंबर-जानेवारीत पहाटे आठ-दहा अंश होतात तेव्हाही हीच ताडपत्री रात्रीपुरती चढवतो. कोरड्या कोंबडीला थंडी फारशी बाधत नाही.

कडुनिंब फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं गाळतो आणि पाडव्याच्या सुमाराला पुन्हा भरतो. त्या मधल्या तीन-चार आठवड्यांत अंगणावर शेडनेट लागते, हे पहिल्या वर्षी लक्षात आलं नाही.

ऑक्टोबरवर मात्र माझ्याकडे उत्तर नाही. पारा तेहतीस-चौतीसच, पण जमीन ओली, हवा दमट, वारा पडलेला. ओलं गोणपाट निरुपयोगी, धापाही कमी कामाच्या. तेवढे दिवस गर्दी कमी ठेवणं आणि दाण्याच्या वेळा पाळणं एवढंच करतो.

गेल्या मेमध्ये पारा चाळिशीपलीकडे गेला तेव्हा खुराड्यात चोवीस पक्षी होते. त्यात गिरिराज दोनच, बाकी गावठी आणि काही उघड्या मानेच्या. मानेवर आणि अंगावर पिसं कमी असल्याने त्या उकाडा सोसतात. नऊ इंचांवर तापमान कडुनिंबाच्या सावलीइतकं, जेमतेम अर्ध्या अंशाचा फरक. त्याहून गार खुराडं विजेशिवाय मला करता आलेलं नाही. कोंबड्या धापा टाकत होत्या, पण उत्तरेच्या कट्ट्यालगत मातीत ओळीने पडलेल्या, माना वर. एकही गेली नाही.

या मार्चमध्ये काकूंचा पुन्हा फोन आला. "अंडी परत तडकायला लागलीत बघ." मी दुपारी गेलो, खाली आडवा झालो, उदबत्ती लावली. धूर सरळ वर. तोच धूर, दोऱ्यासारखा. क्षणभर काही सुचेना. छप्पर तेच, कट्टा तोच, बाहेर कडुनिंबाची पानं हलत होती. मग जाळीला बोट लावलं. अर्ध्या इंचाच्या चौकटी पिसांचा भुगा, तुसाची धूळ आणि कोळिष्टकांनी भरल्या होत्या. खालच्या दीड फुटात तर आरपार दिसत नव्हतं. वर्षभरात जाळीची हळूहळू भिंत झाली होती. काकूंनी खराटा आणला आणि बाहेरून घासायला सुरुवात केली. मी उदबत्तीपाशी पडून होतो. तिसऱ्या-चौथ्या हाताला धूर थरथरला, वाकला, आणि जमिनीला समांतर होऊन पूर्वेच्या जाळीतून बाहेर गेला.